गाडी खाली घेण्याआधी

वराळे, ता. मावळ

चि. बाळू,


परवा तळेगाव स्टेशनला तुझा गॅरेजवाला मित्र भेटला. म्हणाला, बाळू पोलो गाडीला कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप बसवतोय, चाळीस मिलिमीटर खाली घेणार आणि रात्री घाट उतरून खोपोली गाठणार. माझी झोप उडाली. शॉकअपच्या कामात ज्याची हयात गेली, त्या मामाला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही तुला?

खंडाळ्याचा घाट, जुलैचा पाऊस, धुकं आणि रात्र. गाडी खाली घेतली की शॉकअपला दबायला फारशी जागा उरत नाही. वळणात खड्डा लागला की दांडा बंप स्टॉपवर आपटतो, स्प्रिंग दगडासारखी होते आणि चाकाची पकड सुटते. पुढची पकड गेली की स्टिअरिंग कितीही फिरव, गाडी सरळ जाते. घाटात सरळ जाऊन माणूस कुठे पोचतो, हे मी लिहायला नको.

आणि खाली घेतल्याने गाडी कमी कलते हाही गैरसमज. पोलोच्या पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये खालचे आर्म तिरके होतात, रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो आणि कलण्याची ओढ उलट वाढते. मग ती आवरायला आणखी कडक स्प्रिंग. हे विकणारा सांगत नाही. त्यात तुला लोणावळ्याहून रोज चाकणला जायचं, कामशेत, वडगाव, तळेगाव-चाकण रस्ता. इंडियन रोड काँग्रेसने गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं लिहून ठेवलंय. आपल्याकडे गावोगावी दिसतात ते आखूड, उभे उंचवटे. कडक स्प्रिंगमधून त्यांचा दणका थेट सीटला बसतो, आणि मागच्या सीटवर ताई बसते. तिच्या मणक्याचं तुला ठाऊक आहे.

बाळू, हौस मला कळते. तुझ्या वयात मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यती बघायची मला फार ओढ होती. पैसे जमले तेव्हा रजा नव्हती, रजा होती तेव्हा घरी आजारपण. ती रुखरुख अजून जात नाही. म्हणून हौस सोड असं मी म्हणणार नाही.

खरं तर तुझ्या गाडीला चांगले टायर आणि कंपनीच्याच उंचीचे उत्तम शॉकअप पुरेत. तरी अॅडजस्टेबलच हवे असतील तर खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलणारे घे. त्यात स्प्रिंग न दाबता उंची लावता येते. उंची कंपनीचीच ठेव. डॅम्पिंग अगदी मऊपासून सुरू कर, दोन-दोन क्लिक वाढव, डावं-उजवं सारखं, आणि वहीत लिहून ठेव. पावसाळ्यात पुन्हा मऊ कर. आट्यांत चिखल राहू देऊ नकोस, नाहीतर ते जाम होतील. मग अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत तपास. गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ही वाच. मूळ रचना बदललेल्या गाडीचा दावा आला की विमा कंपनी आधी तिकडेच बोट दाखवते.

रागावलो म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. पैसे कमी पडले तर माझ्याकडून घे, ताईला सांगणार नाही. शोलावरमच्या शर्यती पुढे इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेल्या. हिवाळ्यात आपण दोघं तिथे जाऊ, खर्च माझा. तोवर रात्री घाटात उतरू नकोस, पोरा.

तुझा,
मामा