मुंबईला गेलेली माणसं आणि समाजशास्त्र

प्रश्न : मी बी.ए.ला समाजशास्त्र घेतलंय. घरचे म्हणतात, 'माणसांत राहणाऱ्याला समाज वेगळा काय शिकायचा?' या विषयात नेमकं येतं काय आणि त्याला शास्त्र का म्हणायचं?
– एक विद्यार्थिनी, मेढा

उत्तर : तुमच्या जावळी तालुक्याचंच बघा. इथली कितीतरी माणसं मुंबईत, वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. घरोघरी कारण वेगळं मिळेल : जमीन पुरेना, कर्ज झालं, चुलत्यानं बोलावलं. कारणं खरीच. पण गावंच्या गावं एका वाटेनं जातात, तेव्हा एकेका घराचं कारण अपुरं पडतं. डोंगरउतारावरच्या शेतीचा हिशोब अर्थशास्त्र मांडेल. काम लावून देणारा भावकीतला होता की सोयरा, मुंबईतल्या गावकीच्या खोलीत ट्रंक ठेवायला जागा कुणाला मिळाली, त्याच गावातल्या कुणाला मिळाली नाही, मागे राहून शेत कसणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर आहे का, हे विचारतं समाजशास्त्र. कुटुंब, जात, लग्न, श्रम, सत्ता, स्थलांतर असं सगळं त्यात येतं, आणि येतं ते एकमेकांत गुंतूनच. वाई तालुक्यातल्या सुगाव गावावर हेमलता दांडेकर यांचं 'मेन टू बॉम्बे, विमेन अ‍ॅट होम' हे पुस्तक आहे. ते जरूर मिळवा.

आणखी जवळचं उदाहरण कोयनेचं. शिवसागराचं पाणी तुमच्या बामणोलीपर्यंत आहे. धरण १०३ मीटर उंच, हे अभियंत्यांनी मोजलं. उठलेल्या माणसांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं ती १९६९ साली प्रसिद्ध केली. धरणग्रस्ताला बदली जमीन मिळाली, एवढ्यानं विषय मिटत नाही. भावकी एका जागी राहिली का, लेकी कुठे द्यायच्या, ग्रामदेवतेची जत्रा कोण भरवणार, नव्या गावात पाण्यावर आपला हक्क किती, हेही विचारावं लागतं.

शास्त्र म्हणायचं ते पद्धतीमुळे. सगळ्या घरांना तोच प्रश्न विचारायचा, उत्तरं ताडून पाहायची, आपल्या समजुतीविरुद्ध निघालं तरी तसंच नोंदवायचं. घरच्यांना सांगा, माणसांत राहणाऱ्याला आपली आळी ठाऊक असते. ओढ्यापलीकडच्या वस्तीबद्दल त्याच्याकडे बहुधा ऐकीव माहितीच असते.

या सुट्टीत वही घेऊन गावातल्या घरांची नोंद करा : मुंबईला कोण गेलं, काम कुणी लावलं, सातबारा कुणाच्या नावे. ज्या घरात तुमच्याकडचं कुणी पाणी पीत नाही, तिथून सुरुवात करा.