माठाचे पाणी आणि अंगाचा घाम

मे महिन्यात करमाडच्या कोणत्याही घरी जा, आधी माठातल्या पाण्याचा तांब्या पुढे येतो. त्याच घरात प्लॅस्टिकच्या ड्रममधले पाणी मात्र कोमट असते. असे का? माठ पाझरतो, ड्रम पाझरत नाही. पाझरलेले पाणी हवेत वाळते आणि वाळताना माठातली उष्णता घेऊन जाते. आपले शरीरही उन्हाळ्यात हेच करते. माठ पाझरतो, आपल्याला घाम येतो.

पण पाणी वाळायला एवढी उष्णता का लागते? पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू घट्ट बांधलेले असतात. शिवाय एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. रेणूच्या आतल्या बंधापेक्षा तो सुमारे वीस पटींनी कमजोर असतो. क्षणात तुटतो, क्षणात दुसरीकडे जुळतो. परंतु एक काडी कोणीही मोडेल, मोळी मोडत नाही. पाण्यात असे बंध असंख्य असतात. त्याची वाफ व्हायची तर ते तोडावे लागतात, म्हणून भरपूर उष्णता खर्ची पडते.

हिशेब पाहा. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. साठ किलो वजनाच्या माणसाचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे अर्धा पेला घामही मोठे काम करतो. अट एकच, तो अंगावर वाळला पाहिजे. नुसता टपकून गेला तर उपयोग नाही. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून तिथे पारा आपल्यापेक्षा खाली असूनही धोका असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले, हे आपणांस आठवत असेल.

आता दुसरी बाजू. आपल्या शरीरातील प्रथिनांच्या लांब साखळ्या विशिष्ट घडीत असतात आणि ही घडी अशाच कमजोर बंधांनी टिकते. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो, कारण त्यातल्या प्रथिनांची घडी मोडते. शरीर काही इतके तापत नाही; पण तापमान १०४ अंश फॅरेनहाइटच्या वर जाऊन तिथेच राहिले, तर पेशींचे काम बिघडू लागते. मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांना इजा होते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी उन्हात राबणाऱ्या एका मजुराला माझ्या दवाखान्यात आणले. तो बरळत होता. ताप १०६! आणि 'ताप भरलाय' म्हणून घरच्यांनी त्याला गोधडीत गुंडाळले होते. म्हणजे उष्णता बाहेर पडायची वाटच बंद. मी गोधडी काढून अंगावर पाणी ओतायला लावले, तेव्हा म्हातारे वडील कळवळून म्हणाले, "डाक्टरसाहेब, गार पाणी बाधंल की हो त्याला!" पाणी बाधले नाही. अंग ओले ठेवून पंखा लावला, ताप उतरू लागला, मग त्याला शहरातल्या रुग्णालयात पाठवले. आठ-दहा दिवसांनी तो स्वतः चालत भेटायला आला.

तेव्हा लक्षात ठेवा. उन्हातला माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला तर त्याला सावलीत आणा. कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता, जोराने वारा घाला. बर्फ असल्यास फडक्यात घेऊन काखेत व जांघेत ठेवा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत पाणी टाकणे थांबवू नका. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

शुद्धीवर असलेल्या थकलेल्या माणसाला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या. चमचा चहाचा घ्यावा.

माठाला आपण ओले फडके गुंडाळतो, गोधडी नाही. माणसालाही तोच न्याय लावा.