फिरत्या खुराड्याची चाकं

खुराड्याला सायकलचं चाक लावू नका. फिरती खुराडी बघायला कुठे गेलो की बहुतेक ठिकाणी तीच दिसतात, म्हणून आधी हेच सांगतो. भंगारात स्वस्त मिळतात, हलकी असतात आणि मोठी असल्याने ढेकळांवरून सहज जातील असं वाटतं. पुरंदरमधल्या आमच्या सीताफळाच्या बागेत पहिलं खुराडं आलं ते तशाच चाकांवर. ओळीत सरळ झकास चाललं. ओळ संपली, बांधाजवळ वळवायला घेतलं आणि डावं चाक आत कललं. आठ फुटी लोखंडी सांगाडा, वर पत्रा, आत तीसेक गावरान कोंबड्या, सगळं एका कोपऱ्यावर बसलं. दार निखळलं. कोंबड्या गोळा करण्यात संध्याकाळ गेली. चाक काढून पाहिलं तर रिम पापडासारखी झालेली, आसही वाकलेला.

सायकलचा आस दोन्ही टोकांना चिमट्यात धरलेला असतो. खुराड्याला तोच आपण एका बाजूने नटाने आवळतो, म्हणजे चाक नुसतं बाहेर लोंबतं. त्यात वळताना येणारा आडवा रेटा बारीक तारांच्या आऱ्यांना सोसत नाही. जुन्या चेतकचं 10 इंची किंवा रिक्षाचं 8 इंची चाक मात्र मुळातच एका बाजूने धरलेलं असतं. टायर साडेतीन-चार इंच रुंद, त्यामुळे भिजल्या काळ्या रानातही ते सायकलच्या चाकासारखं चिरत खाली जात नाही. भंगारवाल्याकडून नुसतं चाक आणू नका. हब आणि आसासकट मागा. सामानाच्या ट्रॉलीची गरगर फिरणारी छोटी चाकं तर फरशीसाठीच असतात. मातीत ती फिरत नाहीत, नांगरतात.

आस नवा करून घ्यायचा असेल तर जाडीत काटकसर नको. 20 मिमीऐवजी 25 मिमीचा भरीव रॉड घेतला तर लोखंड दीडपट लागतं, पण वाकायला तो जवळपास दुप्पट दाद देत नाही. 25 मिमीला 6205 नंबरचं बेअरिंग बसतं, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं; दोन्ही बाजूंनी बंद असलेलं घ्या, कारण विष्ठा आणि ओल मिळून लोखंड फार लवकर खातात. रॉडचं टोक चौकटीला नुसतं चिकटवून घेऊ नका. फूटभर आत घेऊन दोन ठिकाणी वेल्डिंग करा आणि चाक चौकटीच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवा.

आता आस लावायचा कुठे? इथेच सगळे अडतात. आमचं खुराडं कोंबड्यांसकट 120 किलोच्या आसपास भरतं, पुढे दोन फुटांचे दांडे आहेत. चाकं मागच्या कडेपासून 2 फूट आत घेतली तर हाताला साधारण 30 किलो येतात. कडेच्या 9 इंच मागे घेतली तर 53. हिशेब आतल्या बाजूचा, आणि तरी मी मागचीच जागा धरतो. आत लावलेली चाकं कायम जमिनीवर टेकलेली राहिली तर चौकट अधांतरी राहते, आणि मुंगसाला बोटभर फट पुरते. ती टाळायला चाकं वरखाली करणारा दांडा करावा लागतो, म्हणजे बिघडणारी आणखी एक वस्तू. चाकं मागे, जमिनीपासून बोटभर वर ठेवली की उभं असताना चौकट मातीवर बसते; पुढून उचललं की चाकं टेकतात आणि मागची कड इंचभर सुटते. ठिबकची 16 मिमीची नळी तेवढ्यात खालून निघते. हाताचं ओझं कमी करायला अंड्यांचे खोके आणि पाण्याचा कॅन मागच्या टोकाला हलवा.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे जोएल सॅलटिन आपल्या 10 बाय 12 फुटांच्या ठेंगण्या पिंजऱ्यांना चाकं जोडतच नाहीत. हलवायच्या वेळी मागच्या कडेखाली चाकांची एक ढकलगाडी सरकवतात, दुसऱ्या टोकाला धरून ओढतात. चार-पाच खुराडी असणाऱ्याला हेच परवडेल.

हलवताना घाई नको. सकाळी दाणे टाकण्याआधी ओढा, म्हणजे भुकेल्या कोंबड्या पुढे चालत येतात. मागे रेंगाळणारीचं बोट चौकटीखाली सापडतं. उतारावर चाकाखाली दगड हवाच. वळवाच्या दिवसांत चारी कोपरे खुंट्यांना बांधा, पत्र्याखाली वारा भरला की वजनाचा भरवसा नाही.

आणि वेल्डिंगवाल्याकडे चाकं बरोबर न्या, टायरात पूर्ण हवा भरून. खुराडं सपाट जमिनीवर ठेवून, चाक शेजारी उभं करूनच आसाची खूण करून घ्या. हवा नसलेल्या टायरावर घेतलेलं माप पुढे हवा भरली की चुकतं, आणि मग तीच बोटभर फट पडते.