व्यासपीठ सोपविताना

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या मोठ्या गावात सभांना तोटा नसतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या निमित्ताने ग्रामसभा भरतात. त्याखेरीज शाळेचे स्नेहसंमेलन, बचतगटांचे मेळावे व जयंती-पुण्यतिथ्या असतातच. वक्त्याने काय बोलावे याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे बोलण्याची जागा कशी जावी, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

ही रीत शिकण्यास फार दूर जावे लागत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही. पहारा संपत आला की दुसरा वारकरी समोर येतो, दोघेही एकमेकांस नमस्कार करतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि नामस्मरण खंडत नाही. लहानथोर हा भेद तेथे उरत नाही. १९२४ मध्ये अमेरिकेतील सांता आना येथे राल्फ स्मेडली यांनी स्थापन केलेल्या ‘टोस्टमास्टर्स’ या वक्तृत्व मंडळाचा रिवाजही याच जातीचा आहे. वक्ता येऊन पोहोचेपर्यंत सूत्रधार जागा सोडत नाही. हस्तांदोलन करून मगच बाजूला होतो. भाषण संपल्यावर वक्ताही तसाच थांबतो.

आपल्या बहुतेक सभांत सूत्रसंचालक नाव पुकारून खाली बसतो. वक्ता मागच्या रांगेतून वाट काढीत येईपर्यंत व्यासपीठ ओस पडते. तेवढ्यात कोणी तरी ध्वनिक्षेपकावर टिचक्या मारून घेतो. नवख्या वक्त्याचा निम्मा धीर येथेच सुटतो.

महिला लोकप्रतिनिधींच्या बाबतीत हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. महाराष्ट्राने २०११ मध्ये पंचायत राज संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. तरीही नाव सरपंचबाईंचे पुकारले जाते आणि ध्वनिक्षेपक त्यांच्या यजमानांच्या हाती जातो, असे अनेक ठिकाणी घडते. ग्रामसभेचे अध्यक्षस्थान सरपंचाचे, त्यांच्या अनुपस्थितीत उपसरपंचाचे. यजमानांचा उल्लेख कायद्यात कोठेही आढळत नाही. म्हणून सूत्रसंचालन करणाऱ्या ग्रामसेवकाने अथवा शिक्षकाने त्यांचा उल्लेख ‘अमक्यांच्या सौभाग्यवती’ असा न करता पूर्ण नाव व पद उच्चारावे, त्या उभ्या राहीपर्यंत थांबावे आणि ध्वनिक्षेपक त्यांच्याच हातात द्यावा. मध्येच दुसरा हात पुढे आला, तर ‘अध्यक्षांचे बोलणे झाल्यावर आपणांस संधी मिळेल’ एवढेच शांतपणे सांगावे. हे सांगण्यास थोडे धैर्य लागते, हे खरे.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. आपले कागद उचलून न्यावेत, झालेल्या भाषणाचा सारांश पुन्हा सांगत बसू नये. विद्यार्थी बोलणार असेल तर ध्वनिक्षेपकाच्या दांड्याची उंची नाव पुकारण्यापूर्वीच कमी करावी; नाही तर पाचवीतले मूल टाचा उंचावून बोलू लागते आणि पाठ केलेले विसरते.