धृति : घरी राहणाऱ्यांचे व्रत

श्रीमद्भगवद्गीतेचा उपदेश रणभूमीवर झाला. म्हणून शौर्य म्हटले की आपली दृष्टी धनुर्धराकडे वळते. परंतु प्रत्येक योद्ध्यामागे एक घर असते. अर्जुनाला मोह झाला तेव्हा साक्षात् भगवंत त्याचे सारथ्य करीत होते. हस्तिनापुरात विदुराच्या घरी राहिलेल्या कुंतीच्या कानी मात्र तो संवाद पडला नाही. मग तिने कोणत्या बळावर धीर धरला?

सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीच्या गुणांत धृतीची गणना केली आहे. आपण भाषांतरात तिला ‘धैर्य’ म्हणतो. पण मूळ अर्थ थोडा अधिक आहे. धृति आणि धर्म हे दोन्ही शब्द ‘धृ’ म्हणजे धारण करणे या धातूपासून झाले आहेत. भयाचा अभाव म्हणजे धृति नव्हे. भय असतानाही कर्तव्याला धरून ठेवणारी शक्ती ती धृति.

याचा उत्तम दृष्टान्त महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास आले तेव्हा तेरा वर्षे पुत्रवियोग सोसलेली कुंती त्यांना पाहून रडली. आणि शिष्टाई निष्फळ झाल्यावर त्याच कुंतीने विदुलेची कथा सांगून पुत्रांना क्षात्रधर्माचा निरोप धाडला. अश्रू आणि धैर्य एकाच हृदयात राहू शकतात, हे व्यासांनी येथे दाखविले आहे.

आजही हा प्रसंग सहस्रावधी घरांत घडतो. सियाचीन हिमनदीवर १९८४ पासून आपल्या सैन्याचा पहारा आहे. अशा आघाडीच्या ठाण्यावर नेमणुकीचा हुकूम आला की जवानास कुटुंब बरोबर नेता येत नाही. त्याच्या पत्त्यात बहुधा गावाचे नावही नसते; ‘५६ ए. पी. ओ.’ एवढ्या आकड्यावर पत्र पाठवावे लागते. मुलांची शाळा, वृद्धांचे औषधपाणी, शेतीचा व्यवहार हे सारे पत्नीवर येते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ वीर पहिल्या महायुद्धात कामी आले. तरी त्या गावाची सैनिकी परंपरा खंडली नाही. ती परंपरा जितकी जाणाऱ्यांनी, तितकीच निरोप देणाऱ्यांनी राखली आहे.

अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. ते अशा घराला लावून पाहावेत. भय, शोक आणि विषाद यांनाच जी घट्ट धरून बसते ती तामसी धृति. दिवसरात्र अशुभ वार्तेचीच कल्पना करीत राहणे, हा तिचा प्रकार होय. फळाच्या आसक्तीने धर्माचरण करविते ती राजसी. प्रिय माणूस सुखरूप परतावा ही इच्छा दोषास्पद नाही. तीच कर्तव्याची अट झाली म्हणजे मात्र मन डळमळू लागते. मन, प्राण आणि इंद्रिये यांचे व्यापार योगाने आवरून धरते ती सात्त्विकी. पहाटे उठून देवापुढे दिवा लावणारी, मुलांना वेळेवर जेवू घालणारी, पत्रात घरची खरी हकिगत लिहिणारी, पण आपल्या व्याकुळतेचा भार त्यावर न घालणारी गृहिणी हाच योग आचरीत असते. एखाद्या रात्री तिला रडू आले, तर तिने स्वतःस दुर्बल समजू नये. सकाळी तिने पुन्हा कर्तव्य हाती घेतले, म्हणजे तिची धृति अभंग आहे.

आता उरलेल्या गृहस्थांचा धर्म कोणता? ७ डिसेंबर या सशस्त्र सेना ध्वजदिनी निधीस यथाशक्ति द्यावे, हे उचितच; १९४९ पासून तो दिवस पाळला जातो. परंतु तेवढ्याने ऋण फिटत नाही. शेजारी असे घर असेल तर ‘काही बातमी आली का?’ असे वारंवार विचारून भय वाढवू नये. वृद्धांना वैद्याकडे न्यावे, मुलांचा अभ्यास पाहावा, सणाच्या दिवशी त्यांना आपल्या पंगतीस बोलवावे, कचेरीतील कामात साहाय्य करावे. हे करताना उपकाराची भाषा नसावी.

रणात उभा असलेल्याचे मन घराकडे असते. ते घर सांभाळले जात आहे, हा विश्वास त्याला देणे हा लोकसंग्रहच होय. आणि तो करण्यास शस्त्र लागत नाही.