पैसे मोजण्याआधी व्होल्ट मोजा

गाडीचे हेडलाइट बदलून घेतले आणि ते ऐन घाटात गेले, हे ज्याला सांगावं तो एकच शहाणपण शिकवतो: "कंपनीच्या वायरिंगला हात लावायचाच कशाला?" हे वाक्य ऐकून आता डोकं उठतं. दिवे सुधारून घेणं चुकीचं नव्हतंच. ज्याने पैसे घेतले त्याने काम केलं नव्हतं. या दोन गोष्टींतला फरक लोकांना कळावा, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

कऱ्हाड-चिपळूण हा माझा नेहमीचा रस्ता. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की कठडा कुठे संपतो आणि वळण कुठे सुरू होतं ते समजत नाही. गाडी जुनी, हेडलाइटच्या प्लास्टिकच्या काचा पिवळ्या पडलेल्या आणि उजेड मेणचटलेला. मी मल्टिमीटर लावून पाहिलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्ट, पण बल्बच्या पिनांवर जेमतेम 11.6. हॅलोजन बल्बला व्होल्टेज थोडं कमी मिळालं की उजेड मात्र खूप कमी होतो. एवढ्या घसरणीत जवळजवळ निम्मा उजेड जातो. म्हणजे दोष बल्बचा नव्हता, वायरिंगचा होता. जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट बारीक वायरीतून स्टिअरिंगजवळच्या बटणापर्यंत जाऊन येतो आणि वाटेत व्होल्टेज गळतं. यावर उपाय रिलेचा. बटणाने फक्त रिलेला इशारा द्यायचा आणि बल्बला करंट जाड वायरीने थेट बॅटरीवरून आणायचा.

हे सगळं मी आमच्या गावातल्या एका अॅक्सेसरीजच्या दुकानदाराला कागदावर लिहून दिलं होतं. हेडलाइटचा नवा सेट, रिलेचं हार्नेस (तयार वायरिंग), बॅटरीजवळ फ्यूज, आणि एच-4 बल्ब 60/55 वॅटचेच. कागद त्याने वाचला, मान डोलावली, काम संध्याकाळी देतो म्हणाला. संध्याकाळी त्याने बॉनेट उघडून दोन काळे रिले बोटाने दाखवले. "बघा साहेब, झक्कास बसवलेत." दिवे लावले तर उजेड खरंच वाढला होता. मी पैसे दिले.

जुलैतल्या एका रात्री आईला घेऊन चिपळूणला निघालो होतो. कोयनानगर मागे पडलं आणि गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. आई म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय." मी बाजूला घेण्यासाठी जागा शोधत होतो, तेवढ्यात आधी डावा दिवा मंदावला आणि मग दोन्ही गेले. पुढे धुकं, डावीकडे दरी. पार्किंगचे चारही दिवे चालू करून गाडी कशीबशी डोंगराच्या कडेला लावली. मागून आलेल्या एसटीच्या चालकाने गाडी थांबवून विचारपूस केली आणि "माझ्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवा, सावकाश नेतो" म्हणाला. त्या माणसाने आम्हाला पोफळीपर्यंत अक्षरशः बोट धरून उतरवलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळच्या एका वयस्कर वायरमनने हेडलाइटच्या मागचं रबर काढलं. बल्ब जोडायच्या कपलरचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन पिनांवर वितळलं होतं, एक पिन त्यात रुतून बसली होती. त्याने बल्ब काढून त्याची धातूची कडी माझ्या डोळ्यांपुढे धरली. त्यावर कोरलेलं होतं: 100/90. मी कागदावर 60/55 लिहिलं होतं. मग त्याने रिलेच्या वायरी हाताने मागे मागे चाचपत नेल्या. रिलेतून निघालेली जाड लाल वायर बॅटरीपर्यंत गेलीच नव्हती. तिचं टोक दुमडून, टेप गुंडाळून बंपरच्या आत खोचलं होतं. दोन्ही रिले नुसते स्क्रूने कसलेले. बल्ब जोडले होते कंपनीच्या त्याच जुन्या बारीक वायरींना, वायर सोलून, पीळ देऊन, वर टेप मारून.

मी काही वेळ नुसता बघत राहिलो. आई ज्या गाडीत बसली होती, त्या गाडीत हे केलं होतं.

असं का केलं तेही वायरमनने उलगडून सांगितलं. काही गाड्यांत, विशेषतः जपानी रचनेच्या, दिव्यांना प्लस कायम असतो आणि बटण मायनस जोडतं-तोडतं. बाजारातलं साधं हार्नेस बटणाकडून प्लस येईल असं धरून बनवलेलं असतं. ते अशा गाडीला लावलं की रिले ओढतच नाही. ज्याला काम येतं तो रिलेच्या इशाऱ्याच्या दोन वायरींची जोडणी बदलतो. पाच मिनिटांचं काम. आमच्या दुकानदाराला ते जमलं नाही. तसं सांगून काम सोडायचं, तर त्याने रिले शोभेला ठेवले आणि उजेड वाढलेला दिसावा म्हणून जास्त वॅटचे बल्ब घातले. लो बीमवर 55 वॅटचे दोन दिवे साधारण 9 अँपिअर ओढतात, 90 वॅटचे दोन 15 अँपिअर. ती वायर कधी ना कधी जळणारच होती.

दुकानात गेलो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "पावसाचं पाणी गेलं असेल, साहेब." फोटो दाखवले तर म्हणाला, "चिपळूणला दुसऱ्याने हात लावला, आता आमची गॅरंटी संपली." बल्बचं विचारलं तर, "गिऱ्हाइकाला उजेड पाहिजे असतो." माझा कागद त्याच्या टेबलाच्या काचेखाली अजून होता, तो मी बोट ठेवून दाखवला. त्याने नजर वळवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी सीट कव्हरचं बोलायला लागला. माफीचा एक शब्द नाही. पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

चिपळूणच्या वायरमनने ते सगळं उपसून नवं केलं. 60/55 चेच बल्ब, सिरॅमिकचे होल्डर, रिले नीट जोडलेले. आता बल्बवर 13.6 व्होल्ट मिळतात आणि घाट स्वच्छ दिसतो. म्हणजे मी जे मागितलं होतं ते बरोबरच होतं.

आता ज्यांना दिवे सुधारायचे आहेत त्यांच्यासाठी.

पैसे देण्याआधी मीटर लावायला सांगा. इंजिन आणि दिवे चालू ठेवून बॅटरीवरचे व्होल्ट आणि बल्बच्या पिनांवरचे व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. दोन व्होल्टचा फरक असेल तर रिले कितीही चकचकीत दिसोत, ते जोडलेले नाहीत किंवा वायर कुचकामी आहे.

बॅटरीजवळचा रिलेचा फ्यूज काढा. दिवे बंद झाले पाहिजेत. फ्यूज काढूनही दिवे चालू राहिले तर करंट जुन्याच वाटेने येतो आहे. ही परीक्षा मला आधी कोणी सांगितली असती तर ती रात्र टळली असती. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. लांब बसवला तर मधली वायर घासून शॉर्ट झाली की आग लागते.

मुख्य वायर अडीच चौरस मिलिमीटरची, अस्सल तांब्याची घ्या. टोक सोलून खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर तांब्याचा नुसता मुलामा आहे. अर्थिंगची वायर तितकीच जाड हवी आणि ती रंग खरवडलेल्या पत्र्यावर कसलेली हवी.

रस्त्यासाठी मान्य असलेला एच-4 बल्ब 60/55 वॅटचा. त्याहून वर जाऊ नका. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्बही कोंबू नका. तो रिफ्लेक्टर बारीक फिलॅमेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचा उजेड त्यातून वाटेल तसा फाकतो, आपल्याला धुक्याची पांढरी भिंत दिसते आणि समोरचा आंधळा होतो.

परदेशातून मागवलेला सेट घेताना आपल्याकडच्या डाव्या बाजूच्या वाहतुकीचा आहे ना, हे बघा. आपल्या लो बीमचा उजेड डावीकडे, रस्त्याच्या कडेला किंचित चढतो. उजव्या बाजूच्या वाहतुकीचा सेट तोच उजेड समोरच्याच्या डोळ्यांत फेकतो.

काम झाल्यावर दिव्यांचा रोख लावून घ्याच. सपाट जागी, भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करा. लो बीमची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा 10 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 106 दिवे खाली झुकलेले हवेत, समोरच्याला दिपवणारे नकोत, असंच सांगतो.

बाकी नेहमीचं: काम समोर उभं राहून करून घ्या, जुनं सामान परत मागा, ओळखीच्या माणसाकडे जा.

आणि बिल पक्कं घ्या, त्यावर बल्बचे वॅट आणि रिलेचं काम लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं "लाइट सेट व फिटिंग" आहे, आणि त्याच शब्दांच्या आड तो माणूस आज लपतो आहे. तरीही फोटो, वितळलेला कपलर आणि ते बल्ब मी जपून ठेवलेत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. माझा अर्ज तयार आहे. तुमच्याशी कोणी असं वागलं तर तुम्हीही गप्प बसू नका, कारण त्याच दुकानातून रोज एखादी गाडी घाटाकडे निघते.