परदेशी निघालात? इंग्रजीच्या क्लासला किती पैसे मोजाल

मुलगा पुण्याच्या कंपनीतून परदेशी गेलेला असतो, सुनेचा व्हिसा व्हायचा असतो आणि घरात पहिला विषय निघतो तो इंग्रजीच्या क्लासचा. दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जाणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातून आता काही घरं अशीही दूर जाऊ लागली आहेत. मोबाइलवर क्लासची जाहिरात येते, हप्त्यांची सोय दिसते आणि घाईत पैसे भरले जातात. त्याआधी एवढं ठरवा: परीक्षा द्यायची आहे की बोलायला शिकायचं आहे?

अमेरिकेत एच-४ व्हिसावर नवऱ्याकडे जाणाऱ्या बायकोला इंग्रजीची परीक्षा नसते. कॅनडात नवऱ्याने स्पॉन्सर केलं तरी नसते. ब्रिटनच्या जोडीदार व्हिसाला असते, पण ती ए-१ म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीची. फक्त ऐकणं आणि बोलणं, वीस मिनिटांच्या आत संपणारी. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल, तर एक्टिस या संस्थेचा दाखला घेऊन तीही टाळता येते. अशा सुनेला चार भागांच्या पूर्ण आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा महागडा क्लास लावणं हा वाया गेलेला पैसा आहे. त्या परीक्षेची नुसती फीच १८,००० रुपयांच्या आसपास आहे आणि निकाल दोन वर्षंच चालतो. शिवाय ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. म्हणून आधी पासपोर्ट, मग परीक्षेची तारीख. पुण्याला परीक्षा असेल तर दोघांचं एसटीचं भाडं आणि एका रात्रीचा मुक्काम हिशेबात धरा.

बोलायला शिकायचं असेल तर क्लासची फी महिन्यावर नव्हे, तासावर मोजा. समजा ६,००० रुपयांत तीन महिने, आठवड्याला पाच दिवस, रोज एक तास. म्हणजे साधारण ६० तास, तासाला १०० रुपये. आता बॅचमध्ये किती जण ते विचारा. चाळीस असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला दीड मिनिट येतं. आठ असतील तर साडेसात. माझं मत स्पष्ट आहे: दोन हजार जास्त गेले तरी आठ जणांची बॅच घ्या. तोंड उघडल्याशिवाय भाषा येत नाही, आणि चारचौघांत बोलायला बिचकणाऱ्या बाईला गर्दीत ते जमत नाही.

फी एकरकमी भरू नका. मधेच व्हिसा आला तर उरलेले पैसे परत मिळतील का, ते लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी लावला असेल तर त्याचा क्रमांक असलेली पक्की पावती मागा. '१०० टक्के यशाची हमी' अशा जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्येच बंदी घातली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मोठा खर्च इथे करू नका असं सांगण्याचं खरं कारण वेगळं आहे. तिथे गेल्यावर बरंच शिक्षण फुकट मिळतं. कॅनडात कायम रहिवासी झालेल्यांसाठी 'लिंक' नावाचे सरकारी वर्ग आहेत. ऑस्ट्रेलियात १९४८ पासून 'एएमईपी' नावाचं सरकारी इंग्रजी प्रशिक्षण चालतं. कायम रहिवाशांना आणि काही तात्पुरत्या व्हिसाधारकांना ते मोफत आहे, शिकताना लहान मुलांना सांभाळण्याचीही सोय होते. अमेरिकेत अनेक सार्वजनिक वाचनालयांत गप्पांचे मोफत वर्ग भरतात. नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांनाही तिथे बसता येतं. ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाच्या वर्गांना वास्तव्याची अट असते, म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी सुरुवातीच्या फीचे पैसे बाजूला ठेवावेत.

इथे पाया तेवढा घाला: पत्ता सांगणं, फोनवर बोलणं, डॉक्टरला दुखणं सांगणं, मुलाच्या शाळेत चौकशी करणं. बीबीसी आणि ब्रिटिश कौन्सिलचे इंग्रजी शिकवणारे धडे इंटरनेटवर मोफत आहेत, ते रोज अर्धा तास ऐका. आणि तिथे पोहोचल्यावर घर लावून होईपर्यंत थांबू नका. पहिल्याच आठवड्यात वर्गाला नाव घाला.